कागदाची हनली: १८६४ ची पाणबुडी १:४८ मध्ये

पहिली हनली केली तेव्हा मी दोन अख्ख्या संध्याकाळी फक्त रिव्हेट (पत्रे जोडायचे लोखंडी खिळे) उठवण्यात घालवल्या, कागदाच्या मागून एकेक टिंब दाबून, आणि नंतर कळलं की खऱ्या बोटीचे रिव्हेट ठोकून पत्र्याच्या पातळीत बसवलेले होते, म्हणजे बाहेरून अंग जवळपास गुळगुळीत. शिवाय सुरुंगाचा दांडा (बोटीच्या पुढे निघालेला, टोकाला सुरुंग असलेला) मी नाकाच्या वरच्या बाजूला लावला होता, तोही चूक. जुन्या चित्रांवरून मॉडेल केलं की हे असं होतं, त्यामुळे २००० साली समुद्रातून वर काढल्यानंतरचे फोटोच समोर ठेवा, बाकी सगळं बाजूला.

थोडक्यात ओळख: अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्यांनी वापरलेली ही बोट, १७ फेब्रुवारी १८६४ च्या रात्री चार्ल्सटनजवळ हिने हूसाटॉनिक हे जहाज बुडवलं, पाणबुडीने युद्धात जहाज बुडवण्याची ही पहिलीच वेळ, आणि मग ही स्वतःही आठ माणसांसकट तळाशी गेली. त्याआधी चाचण्यांत दोनदा बुडालेली, दुसऱ्या वेळी तर जिच्या नावाने बोट ओळखली जाते तो खुद्द होरेस हनलीच आत होता.

आता माप. बोट साधारण ४० फूट लांब, म्हणून १:४८ घ्या, कारण त्यात एक फूट म्हणजे पाव इंच, डोकं चालवावं लागत नाही. मॉडेल २५ सेमीचं होतं. पोटाचा छेद गोल नाही बरं का, अंडाकृती आहे, जवळपास ४ फूट उंच आणि साडेतीन फूट रुंद, म्हणजे आपल्याकडे २.५ बाय २.२ सेमी.

१ मिमी पुठ्ठ्याचा एक उभा कणा कापा, पूर्ण लांबीचा, आणि त्यात दर २ सेमीवर आडव्या फ्रेम खाच करून अडकवा. मी मधला भाग १२ सेमी आणि दोन्ही टोकं साडेसहा साडेसहा धरली, फोटो बघून तुम्हाला थोडं कमीजास्त वाटलं तर बिनधास्त बदला. फ्रेममधलं अंतर याच्यापेक्षा वाढवू नका, नाहीतर कागद मध्ये खचतो आणि बोटीच्या बरगड्या उपाशी बैलासारख्या दिसायला लागतात.

वरचं आवरण १६० जीएसएमच्या (म्हणजे नेहमीपेक्षा जाडसर) कागदाचं. कागद आधी दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा, एका दिशेने तो पटकन वळतो, ती दिशा पोटाभोवती आली पाहिजे. ही एक गोष्ट विसरलात तर कितीही गोंद लावा, सांधा उघडणारच. मग कागद एखाद्या गोल पेनवर घोळवून घ्या, फ्रेमभोवती गुंडाळून माप तिथल्या तिथे घ्या (साधारण ७.४ सेमी येतं, पण हिशोबावर विसंबू नका) आणि सांधा खाली येऊ द्या, कारण तिथे लोखंडी वजनांची पट्टी येते, पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवले की सांधा गायब. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद टूथपिकने, अगदी पातळ. जास्त झाला की कागद ओला होऊन सुरकुततो.

नाकाला लोक पाकळ्या कापून शंकू करतात, त्याची इथे गरजच नाही. हनलीचं नाक उभ्या धारेसारखं निमुळतं होतं, त्यामुळे डावी-उजवी अशा दोन बाजू पुढे एका उभ्या रेघेत मिळतात. साधा पातळ कागद फ्रेमवर लपेटा, कडेने पेन्सिल फिरवा, झाला साचा, उलटा केला की दुसरी बाजू. शेपटीलाही तेच.

चिकटवण्याआधी प्रत्येक तुकड्याची कापलेली कड गडद राखाडी रंगाने रंगवून घ्या, नंतर ब्रश तिथे पोचत नाही आणि पांढरी रेघ सगळा खेळ घालवते. रंग मॅटच, चकाकी आली की खेळणं दिसतं.

वर दोन छोटे बुरुज, पुढच्याच्या मागे हवेच्या नळ्यांची पेटी. बाजूचे पंख दुमडलेल्या कागदाचे दुहेरी करा, एकेरी वाकतात. मागे तीन पात्यांचा पंखा आणि त्याच्याभोवती कडं, हे कडं मात्र छळतं, मी चौथ्या प्रयत्नात पेन्सिलीवर पट्टी दोनदा गुंडाळून केलं तेव्हा कुठे गोल आलं. (खऱ्या बोटीत हा पंखा सात माणसं हाताने फिरवायची, एकच लांब दांडा सगळ्यांच्या समोरून जायचा.)

सुरुंगाचा दांडा शेवटी. १६ फूट, म्हणजे १० सेमी तार, नाकाच्या खालच्या टोकाला, आणि तिच्या पुढे सव्वा सेमीची छोटी नळी, खऱ्या बोटीत त्यात ६१ किलो बंदुकीची दारू होती. आधी लावलात तर बाकी काम करताना हाताला लागून किमान दोनदा तुटते.