एकल मातांसाठी: निराधार अनुदान, बालसंगोपन आणि कामाचे प्रशिक्षण यांची सांगड कशी घालावी

संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून विधवा, परित्यक्ता आणि पोटगी न मिळणाऱ्या घटस्फोटित महिलेला जुलै २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळतात, म्हणजे वर्षाला १८,०००. याच योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. महिन्याला १,७५० रुपयांची ही मर्यादा मराठवाड्यातील खुरपणीच्या मजुरीनेही ओलांडली जाऊ शकते, आणि शिवणकाम किंवा नोकरी लागल्यावर तर ती ओलांडली जाणारच. म्हणून ज्या महिलेला पुढे स्वतःच्या कमाईवर उभे राहायचे आहे, तिने कोणते अनुदान कोणत्या टप्प्यावर घ्यायचे याचा विचार अर्ज करण्यापूर्वीच केलेला बरा.

लाडकी बहीण योजनेचे पैसे आधीपासून मिळत असतील, तर निराधार योजनेकडे वळण्याची घाई करू नये. दोन्हींची रक्कम १,५०० आहे आणि दोन्ही एकत्र घेता येत नाहीत, कारण दुसऱ्या शासकीय योजनेतून तेवढी किंवा अधिक रक्कम मिळत असल्यास लाडकी बहीणसाठी महिला अपात्र ठरते. मात्र लाडकी बहीणची उत्पन्न मर्यादा अडीच लाख रुपये असल्याने काम सुरू झाल्यावरही ती टिकू शकते. तिचे अर्ज १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतच घेतले गेले, त्यामुळे एकदा सोडलेला लाभ परत मिळेल अशा भरवशावर राहू नये. ज्यांना तो मिळतच नाही, त्यांच्यासाठी पुढची माहिती आहे.

अर्जाची खरी तयारी शिधापत्रिकेपासून सुरू होते. पतीच्या निधनानंतर अनेक महिलांचे नाव सासरच्या पत्रिकेतच राहते आणि मग दिराची, सासऱ्याची शेती आणि मिळकत तिच्या कुटुंबाच्या उत्पन्नात धरली जाण्याची वेळ येते. ती खरोखरच मुलांसह वेगळी राहत असेल, तर आधी तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत अर्ज देऊन पत्रिका विभक्त करून घ्यावी. त्यानंतर उत्पन्नाचा दाखला, महाराष्ट्रात किमान १५ वर्षे वास्तव्य असल्याचा पुरावा, वयाचा पुरावा, आधार आणि बँक पुस्तक जमवावे. विधवेने पतीचा मृत्यू दाखला जोडावा. परित्यक्तेची वाट अधिक खडतर असते, कारण तिच्याजवळ न्यायालयाचा कागद बहुधा नसतो. तिने पती-पत्नी एकत्र राहत नसल्याचा तलाठी आणि ग्रामसेवक यांचा दाखला घ्यावा. या दोन्ही पदांची नावे आता बदलली आहेत, पण गावात अजून कोणी नवी नावे वापरत नाही. हा दाखला देताना ‘नवरा परत आला तर?’ असा प्रश्न विचारला जातो. त्यावर वाद न घालता किती वर्षांपासून वेगळे राहत आहोत हे लेखी द्यावे आणि शेजारच्या दोन माणसांचे जबाब जोडावेत.

अर्ज तलाठ्याकडे, सेतू केंद्रात किंवा तहसीलच्या संजय गांधी शाखेत करता येतो. पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. मंजुरी तालुका पातळीवरील समितीच्या बैठकीत होते, त्यामुळे पुढची बैठक कधी आहे हे शाखेत विचारावे आणि अर्ज त्या बैठकीपुढे ठेवला आहे का याची खात्री करावी. कुटुंब दारिद्र्यरेषेखालील यादीत असेल आणि घरातील मुख्य कमावती व्यक्ती १८ ते ५९ या वयात दगावली असेल, तर राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्य योजनेचे एकरकमी २०,००० रुपयेही याच शाखेतून मिळतात. ही गोष्ट आपणहून फारसे कोणी सांगत नाही.

पैसे आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. अर्जात लिहिलेले खाते एक आणि आधारशी जोडलेले खाते दुसरेच, हा घोळ मी अनेक घरांत पाहिला आहे. ‘पगार आलीच नाही’ म्हणून तहसीलला तीन-तीन खेपा घातल्यावर ती रक्कम जुन्या जनधन खात्यात पडून असल्याचे कळते. आपले आधार कोणत्या बँकेशी जोडलेले आहे हे बँकेत किंवा सेवा केंद्रात आधीच तपासून घ्यावे.

मुलांसाठीची मदत ही वेगळी वाट आहे आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून एक पालक असलेल्या मुलासाठी, वय १८ पूर्ण होईपर्यंत, दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करावा लागतो, गृहचौकशी होते आणि आदेश बाल कल्याण समिती देते. मुलाचे आधार, जन्मदाखला, शाळेचा बोनाफाईड आणि दुसऱ्या पालकाचा मृत्यू दाखला तयार ठेवावा. मुलांसह घरासमोर काढलेले छायाचित्रही मागतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेतील प्रायोजकत्वाची, म्हणजे मुलाच्या संगोपनासाठीच्या मदतीची, रक्कम दरमहा ४,००० रुपये आहे आणि तिची उत्पन्न मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० तर इतरत्र ९६,००० रुपये आहे. म्हणजे आईचे निराधार अनुदान कमाईमुळे बंद झाले, तरी मुलांची मदत चालू राहण्यास जागा उरते. निराधार योजनेत विधुरांना स्थान नाही, पण बालसंगोपनाचा अर्ज एकटा वडीलही करू शकतो.

अनुदान सुरू झाले की पहिले वर्ष शिकण्यासाठी वापरावे. जिल्ह्याची अग्रणी बँक चालवत असलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, शिवणकाम, शेळीपालन, ब्युटी पार्लर अशी प्रशिक्षणे मोफत असतात, राहण्या-जेवण्यासह. लहान मूल मागे ठेवून महिनाभर निवासी राहणे आईला जमत नाही, ही त्यातली अडचण आहे. गावात पुरेशा महिला तयार असतील तर काही प्रशिक्षणे गावातही घेतली जातात, म्हणून ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या बचत गटातून एकत्रित मागणी करावी. ज्या महिला आधीपासून शिवणकाम करतात त्यांनी पीएम विश्वकर्मा योजनेत नोंदणीसाठी सेवा केंद्रात चौकशी करावी. तिथे प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे.

बारावी झालेल्या, १८ ते ३५ वयाच्या महिलेला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना मोहात पाडेल, कारण तिचे विद्यावेतन शिक्षणानुसार महिन्याला ६,०००, ८,००० किंवा १०,००० रुपये आहे. पण चार महिन्यांतच ६,००० च्या हिशोबाने २४,००० रुपये होतात आणि २१,००० ची मर्यादा मागे पडते. रुजू होण्यापूर्वी संजय गांधी शाखेला लेखी पत्र देऊन अनुदानावर काय परिणाम होईल हे विचारावे आणि उत्तरही लेखीच मागावे. उत्पन्न लपवण्याचा सल्ला देणारे दलाल प्रत्येक तहसीलबाहेर भेटतात. पण वसुलीची नोटीस दलालाच्या नव्हे, लाभार्थ्याच्या नावाने निघते.

शेवटची अडचण बीड, धाराशिव, जालना, परभणीच्या ऊसतोड करणाऱ्या महिलांची आहे. हयातीचा दाखला दरवर्षी १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात द्यावा लागतो आणि नेमके त्याच काळात त्या कारखान्याच्या फडावर असतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असल्याने मधेच गावी येता येत नाही आणि दाखला चुकला की अनुदान थांबते. म्हणून गाव सोडण्यापूर्वी, दिवाळीच्या सुमारास, आपण कोणत्या कारखान्यावर जात आहोत हे संजय गांधी शाखेत लेखी कळवावे आणि दाखला कोणत्या बँकेत किंवा टपाल कार्यालयात देता येईल हे विचारून ठेवावे. जानेवारीत फडाजवळच्या त्या बँकेत किंवा टपाल कार्यालयात जाताना आधार, बँक पुस्तक आणि मंजुरी आदेशाची छायांकित प्रत सोबत न्यावी आणि दाखल्यावर तिथला शिक्का घेऊन त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा.