रब्बीच्या रात्रपाळीचा टॉर्च: किलोमीटर वाचून घेऊ नका

डिसेंबर-जानेवारीत रात्र तेरा तासांची असते, आणि पंपाची थ्री फेज वीज नेमकी रात्री येण्याचा आठवडाही याच दिवसांत असतो. गव्हाला पेरणीपासून १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात. तेव्हाचे पाणी पुढे ढकलता येत नाही, त्यामुळे दारे धरायला, म्हणजे पाणी वळवायला, मध्यरात्री जावेच लागते. पुढे ज्वारी चिकात आली की रानडुकरांची राखण सुरू होते. या दोन्ही कामांना टॉर्च लागतो, आणि दरवर्षी याच सुमारास बाजारात ‘शिकारी टॉर्च, २ किमी’, ‘५ किमी’ अशा खोक्यांची रांग लागते.

शिकारीचा विषय आधीच संपवू. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे शिकार हा गुन्हा आहे. पिकात शिरणाऱ्या रानडुकराबाबतसुद्धा वन अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय हात उचलता येत नाही. फास लावणे, बांधावर तारेत वीज सोडणे हेही त्याच गुन्ह्यात येते, आणि वीज सोडलेल्या तारेला जनावराआधी शेजारचा माणूस चिकटतो. टॉर्च निवडण्याच्या दृष्टीनेही शिकारी आणि राखणदार यांची गरज उलटी असते. शिकाऱ्याला आपला सुगावा लागू द्यायचा नसतो, म्हणून तो लाल-हिरवे झोत शोधतो. आपल्याला मात्र जनावराला कळवायचेच असते की इथे माणूस जागा आहे. म्हणून रंगीत काचांवर, झोत लांब-आखूड करणाऱ्या झूमवर आणि लुकलुकणाऱ्या ‘स्ट्रोब’वर जादा पैसे घालू नका. लुकलुक दिव्याने डुकरे पहिले काही दिवस बिचकतात, मग सरावतात.

खोक्यावरचे आकडे

लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो किती लांब जाईल हे लुमेनवरून कळत नाही, ते कँडेलावरून, म्हणजे झोताच्या तीव्रतेवरून, कळते. तोच उजेड पसरट सोडला तर पायाखाली लख्ख दिसते आणि दूर काहीच नाही. खोल आरशातून बारीक झोत केला तर शेताचे टोक दिसते, पण पायाशी अंधार राहतो. चांगल्या कंपन्या खोक्यावर ‘बीम डिस्टन्स’ छापतात. लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचे माप; हे अंतर म्हणजे जिथे उजेड पाव लक्सवर, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उतरतो ती जागा. तिथे जनावर ओळखू येत नाही, फक्त काहीतरी आहे इतकेच कळते. म्हणून छापील अंतराच्या निम्मे अंतर कामाचे धरा. निम्म्या अंतरावर उजेड चौपट, म्हणजे एक लक्स मिळतो.

हिशेब सोपा आहे. कँडेलाचे वर्गमूळ काढून दुप्पट केले की मीटरमधले अंतर येते. १०,००० कँडेलाचा टॉर्च २०० मीटर, ४०,००० कँडेलाचा ४०० मीटर. याच हिशेबाने ५ किलोमीटरला साडेबासष्ट लाख कँडेला लागतील. मुठीएवढ्या काचेतून ते निघत नाहीत, त्यामुळे असे खोके परत ठेवून द्या.

आता आपले शेत मोजा. चौरस एकराची बाजू सुमारे ६४ मीटर आणि कर्ण ९० मीटर असतो. कोपऱ्यावरच्या राखणीच्या माळ्यावरून समोरचा कोपरा नीट दिसायला १०,००० कँडेला पुरतात. सलग पाच एकरांचा चौरस तुकडा असेल तर कर्ण २०० मीटर होतो, त्याला ४०,००० लागतात. यापुढचा टॉर्च घेऊन आपले शेत जास्त दिसत नाही, शेजाऱ्याची झोप तेवढी मोडते.

खोक्यावर कँडेला छापलेला नसेल तर स्वतः मोजता येतो. मोबाइलमध्ये लक्स मोजणारे मोफत अ‍ॅप टाका. रात्री अंधारात टेपने १० मीटर मोजून झोताचा मधला भाग मोबाइलच्या पडद्याकडच्या बाजूवर, वरच्या काठाशी धरा. उजेडाचा सेन्सर बहुतेक तिथेच असतो. जो लक्स दिसेल त्याला १०० ने गुणले की कँडेला मिळतो. १०० लक्स आले तर १०,००० कँडेला. मोबाइलचा सेन्सर काही प्रयोगशाळेचा नसतो, पण दोन टॉर्चपैकी खरा कोणता हे तो बरोबर सांगतो. मोजणी टॉर्च लावल्या लावल्या करू नका, पाच मिनिटांनी करा. बरेच टॉर्च पहिले एक-दोन मिनिटे झगमगतात आणि तापले की स्वतःच उजेड उतरवतात. आपल्याला तो उतरलेला उजेडच रात्रभर वापरायचा आहे.

सेल खरा की खोटा

आजच्या बहुतेक टॉर्चमध्ये १८६५० आकाराचा लिथियम सेल असतो: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. या आकारात जास्तीत जास्त ३,५०० ते ३,६०० एमएएच (सेलच्या क्षमतेचे माप) बसतात. त्यावर ‘९९०० एमएएच’ छापले असेल तर सेल खोटा आहे, मग टॉर्चचे बाकीचे आकडेही वाचायचे कारण उरत नाही. खरा सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर टाकून पाहा. तीस-पस्तीस ग्रॅम भरला तर आत सेल अर्धाच आहे. वजन बरोबर भरले म्हणून सेल खरा ठरत नाही, कारण आत पावडर भरणारेही आहेत. म्हणून शेवटची परीक्षा घड्याळाची. पूर्ण चार्ज करून मधल्या उजेडावर लावून ठेवा आणि किती तास चालतो ते लिहून ठेवा.

किती तास चालायला हवा? ३,००० एमएएचचा सेल साधारण ११ वॉट-तास देतो आणि एलईडी एका वॉटला शंभरेक लुमेन. म्हणजे १,००० लुमेनवर तासभर, २०० लुमेनवर पाच तास, १०० लुमेनवर दहा तास. रात्रपाळीच्या आठ तासांना १०० लुमेनचा पसरट उजेड पुरेसा असतो आणि एका सेलवर निभतो. खोक्यावर ‘१०,००० लुमेन’ असेल तर तोच सेल सहा मिनिटांत संपायला हवा. चालण्याचा छापील वेळही जपून वाचा: उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ त्यात धरलेला असतो.

जुन्या धाटणीचे, मागे दोन पिना असलेले टॉर्च अजून गावोगाव चालतात. त्यांत ४ व्होल्टची शिशाची बॅटरी असते. ती रिकामी राहिली की आत शिशाच्या सल्फेटचा थर धरून कायमची मरते, म्हणून काम नसले तरी महिन्यातून एकदा चार्ज करा. या टॉर्चमध्ये चार्जिंगचे सर्किट विजेपासून वेगळे केलेले नसते. प्लगमध्ये असताना ओल्या हाताने धरू नका आणि चालू करून बघू नका. बॅटरी मेलेली असेल तर तेवढ्यात एलईडीही जातो.

टाइप-सी चा टॉर्च घेतलात आणि मोबाइलच्या नव्या चार्जरवर चार्ज होईना, तर लगेच बदलून आणू नका. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली वायर अशा बऱ्याच टॉर्चना चालत नाही; एका टोकाला जुने चौकोनी यूएसबी असलेली वायर लावून पाहा.

एक नाही, दोन

मोठा एक टॉर्च घेण्यापेक्षा लहान दोन घ्या. पायांसाठी आणि हातांसाठी डोक्याला लावायचा पसरट उजेडाचा, १०० ते २०० लुमेनचा. आणि दूर पाहायला १०,००० कँडेलाच्या वरचा हातातला. एक बंद पडला तर दुसऱ्याच्या उजेडात घरी येता येते. मोबाइलचा उजेड यात मोजू नका. तो जेमतेम पन्नासेक लुमेनचा असतो, आणि साप चावला किंवा पंपाचा स्टार्टर जळाला तर फोन करायला चार्जिंग उरायला हवी.

डोक्यावरचा टॉर्च दारे धरताना, स्टार्टर बघताना, पाइप जोडताना उत्तम. बांधावरून चालताना मात्र त्याचा एक दोष आहे. उजेड डोळ्यांच्याच रेषेतून जातो, म्हणून सावल्या दिसत नाहीत. खड्डा सपाट वाटतो आणि वेटोळे घातलेला साप ढेकळासारखा वाटतो. चालताना हातातला टॉर्च कमरेच्या उंचीवर, मंद उजेडात, दोन-तीन मीटर पुढे टाका. उजेड खालून तिरका गेला की प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि वस्तू उठून दिसते. धुक्यातही हीच युक्ती करा. डोक्यावरचा उजेड धुक्यात पांढरी भिंत उभी करतो. तो बंद करून हातातला गुडघ्याजवळ धरा.

उजेडाचा रंग (तो केल्विनमध्ये मोजतात) निवडायला मिळाला तर निळसर पांढरा न घेता ४,००० ते ५,००० केल्विनचा घ्या. निळसर उजेडात तपकिरी छटा मरतात, आणि घोणस पाचटात लपते ती त्याच छटांत. घोणस हिवाळ्यात चांगलीच फिरती असते. पाचट, तुषार संचाच्या पाइपांचा ढीग, गवत लागलेला बांध यांना हात घालण्याआधी उजेड टाका, पाइप उचलण्याआधी टोकातून आत बघा. गमबूट वगळू नका, टॉर्च त्यांची जागा घेत नाही. दंश झालाच तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, चालवू नका. १०८ ला फोन करून प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. राखणीला झोपायचे तर माळ्यावर किंवा खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून. मण्यार जमिनीवरच्या अंथरुणात येते आणि तिचा दंश पुष्कळदा कळतही नाही.

स्टार्टरपेटीशी धातूच्या अंगाचा टॉर्च नेऊ नका. हात ओले, समोर ४१५ व्होल्ट, आणि आत उजेड पाडण्यासाठी टॉर्च पेटीत घालायची सवय, शॉक बसायला एवढे पुरते. तिथे डोक्यावरचाच वापरा. पाण्याचे काम असल्याने पाणी रोखण्याचा आयपीएक्स ४ हा कमीत कमी दर्जा धरा, तो शिंतोडे सोसतो. पाटात पडायची धास्ती असेल तर आयपीएक्स ७ बघा, तो एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. झाकणाच्या रबरी कडीला हंगामाच्या सुरुवातीला सिलिकॉन ग्रीसचे बोट लावा. कडी कोरडी पडून चिरली की दर्जा खोक्यावरच राहतो.

डोळे चमकले तर

बिबट्या, कोल्हा, रानमांजर, नीलगाय, गाय, कुत्रा यांच्या डोळ्यांत मागे आरशासारखा पडदा असतो, म्हणून झोतात डोळे पेटतात. रानडुकराला तो पडदा नसतो. त्यामुळे ‘डोळे दिसले नाहीत म्हणजे डुकरे नाहीत’ हा हिशेब चुकतो. डुकरासाठी झोत सावकाश फिरवा आणि हललेली ताटे, पाठीची काळी रेघ, कडाकडा धाटे मोडल्याचा आवाज यांवर लक्ष ठेवा. जमिनीलगत दवासारखे हिरवट-निळे ठिपके लुकलुकताना दिसले तर घाबरू नका, ते कोळ्यांचे डोळे असतात.

डोळ्यांच्या रंगावरून जनावर ओळखू नका. कोन बदलला की रंग बदलतो. दोन डोळ्यांतले अंतर आणि जमिनीपासूनची उंची बघा. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर या उसाच्या पट्ट्यात बिबटे आहेत, तिथे रात्री एकट्याने पाणी धरू नये. दोघे जा, बोलत राहा किंवा मोबाइलवर गाणी लावा, आणि उसाच्या कडेला उकिडवे बसू नका. वाकलेला, बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो. सरीत शिरण्याआधी दोन्ही कडांवर झोत फिरवा. बिबट्या दिसलाच तर पळू नका, झोत त्याच्याकडे ठेवून उभ्याउभ्या मागे या, त्याला निघायला वाट मोकळी ठेवा. त्याच्या मागे झोत घेऊन जाणे हा मूर्खपणा आहे. वन विभागाचा टोल-फ्री क्रमांक १९२६ मोबाइलमध्ये आधीच साठवून ठेवा.

पिकाचे नुकसान झाले तर सकाळच्या उजेडात फोटो काढून वन विभागाकडे भरपाईचा अर्ज लगेच करा. पंचनाम्याआधी मोडलेली धाटे गोळा करू नका.

आणखी एक छोटा टॉर्च सुचवावासा वाटतो: ३९५ नॅनोमीटरचा जांभळा, अतिनील. त्याच्या उजेडात विंचू हिरवट-निळा झळकतो. कोकणात लाल विंचवाचा त्रास आहे, तिथे गोठ्याची भिंत, सरपणाचा ढीग, गमबुटाची आतली बाजू एकदा या उजेडात बघून घ्यावी. नुकती कात टाकलेला विंचू झळकत नाही, तेव्हा बूट झटकायचा तो झटकायचाच. आणि हा उजेड कुणाच्या डोळ्यांत टाकू नका.

सुटा सेल किल्ल्या किंवा सुट्या नाण्यांबरोबर खिशात ठेवू नका, टोके जोडली की तो तापून पेटू शकतो. फुगलेला, ठेचलेला सेल चार्ज करू नका. दोन सेल लागणाऱ्या टॉर्चमध्ये एक नवा, एक जुना असे घालू नका. जुना आधी संपतो आणि नवा त्याला उलटा ढकलत राहतो. गहू काढून झाला की सेल टॉर्चमधून बाहेर काढा, निम्मा चार्ज ठेवा आणि पत्र्याच्या शेडमध्ये न ठेवता घरात गार जागी ठेवा. एप्रिल-मेच्या पत्र्याखाली पूर्ण भरलेला सेल ठेवला तर पुढच्या रब्बीला तो बराच कमी वेळ चालेल.