रिटेन्शनचे पैसे कधी सुटतात? बिलिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

सिव्हिलचा डिप्लोमा किंवा डिग्री हातात पडली की बहुतेकांना साइटवर उभं राहायचं असतं. काही जण माझ्यासारखे बिलिंगला लागतात आणि तिथून कॉन्ट्रॅक्ट विभागात सरकतात. कॉलेजात एस्टिमेटिंग शिकवतात, रेट अ‍ॅनालिसिस शिकवतात. झालेल्या कामाचा पैसा कंत्राटदाराच्या खात्यात नेमका कधी येतो, हे मात्र कामाला लागल्यावरच कळतं. त्यातला सगळ्यात कमी वाचला जाणारा भाग म्हणजे रिटेन्शनचं कलम. वर्क ऑर्डर हातात आली की नवखा माणूस आधी दर बघतो. मी सांगेन, आधी हे कलम बघा.

व्यवहार साधा आहे. प्रत्येक आर.ए. बिलातून (रनिंग अकाउंट, म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने होणारं बिल) ठरावीक टक्के रक्कम कापून मालक ती स्वतःकडे राखून ठेवतो. खासगी कामांत हे प्रमाण बहुधा ५ ते १० टक्के असतं. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करारात हीच कपात सुरक्षा अनामत म्हणून येते, चालू बिलातून २.५ टक्के, परफॉर्मन्स गॅरंटी (काम नीट पुरं करण्याची हमी) वेगळी. हेतू रास्त आहे. गच्ची गळली, टाइल्स उचलल्या आणि ठेकेदार फिरकलाच नाही, तर दुरुस्तीचा खर्च भागवायला मालकाकडे काहीतरी हवं.

पण हा पैसा झालेल्या, मोजलेल्या आणि पास झालेल्या कामाचा आहे, हे डोक्यात पक्कं ठेवा. समजा काम २ कोटींचं, कंत्राटदाराचा नफा ८ टक्के, म्हणजे १६ लाख. रिटेन्शन ५ टक्के म्हणजे १० लाख. त्याच्या नफ्यातला निम्म्याहून जास्त भाग दुसऱ्याच्या खात्यात पडून आहे. वर आयकर. २०१८ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात कलम ४३सीबी आणलं आणि कंत्राटाच्या उत्पन्नात रिटेन्शनची रक्कमही धरायची, हे स्पष्ट केलं. म्हणजे हातात न आलेल्या पैशावर कर आधी भरावा लागू शकतो. छोटे ठेकेदार बुडतात ते अनेकदा तोट्यातल्या दरामुळे नाही, तर अशा अडकलेल्या रकमांमुळे. हे मी जवळून पाहिलंय, म्हणून एवढं पोटतिडकीने लिहितोय.

आता मुख्य गोष्ट. किती टक्के कापणार यापेक्षा ते कशामुळे सुटणार, हे वाक्य शोधा. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९९ च्या रेड बुकात, म्हणजे तिच्या नमुना करारात, हे कलम १४.९ मध्ये आहे: काम ताब्यात घेतल्याचं प्रमाणपत्र मिळालं की पहिला अर्धा भाग, आणि दोष सुधारण्याची मुदत संपली की उरलेला. आपल्याकडचे खासगी करारही साधारण याच वळणाचे असतात. दुसऱ्या टप्प्याच्या मुदतीला सगळे डीएलपी म्हणतात, सरकारी कागदात दोष दायित्व कालावधी. वाक्य सोपं दिसतं, पण त्यात कोणाची तरी सही लपलेली असते. कम्प्लीशन सर्टिफिकेट कोण देणार? आर्किटेक्ट की पीएमसी, म्हणजे मालकाने नेमलेला प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार? किती दिवसांत? नाहीच दिलं तर?

एका कामात इमारतीत लोक राहायला आले, लिफ्ट चालू झाल्या, पण सर्टिफिकेट निघेना. सर्टिफिकेट नाही म्हणून डीएलपी सुरू नाही, डीएलपी सुरू नाही म्हणून ती संपणारही नाही. यावर उपाय करारातच करावा लागतो. फिडिकमध्ये कलम १०.२ आहे: मालकाने एखादा भाग प्रमाणपत्राआधीच वापरायला घेतला, तर तो वापर सुरू झाल्यापासून ताब्यात घेतला असं धरलं जातं. तुमच्या करारात असं वाक्य नसेल तर सही करण्याआधी मागून घ्या. नंतर कोणी देत नाही.

सब-कॉन्ट्रॅक्टरच्या बाजूने बसत असाल तर ‘बॅक-टू-बॅक’ हा शब्द दिसला की थांबा. मुख्य कंत्राटदाराला त्याचं रिटेन्शन मिळाल्यावर तुमचं मिळेल, असा त्याचा अर्थ. तुमचं प्लंबिंग निर्दोष असलं तरी दुसऱ्या कोणाच्या वॉटरप्रूफिंगसाठी तुमचे पैसे अडकतात. निदान बाहेरची तारीख तरी घालून घ्या: अमुक महिन्यांनंतर काहीही असलं तरी रक्कम द्यायची. शक्य असेल तिथे डीएलपीच्या काळासाठी बँक गॅरंटी देऊन रोख सोडवून घ्या. कमिशन जातं, पण खेळतं भांडवल परत येतं.

आणखी एक धोका आहे. न्यूझीलंडमध्ये मार्च २०१७ पासून रिटेन्शनचा पैसा विश्वस्त म्हणून सांभाळायचं बंधन कायद्याने घातलं. आपल्याकडे अशी सरसकट तरतूद नाही. पैसा मालकाच्या चालू व्यवहारातच मिसळलेला असतो. मालक दिवाळखोरीत गेला तर तुम्ही रांगेतले एक ऑपरेशनल क्रेडिटर, म्हणजे कामाचे किंवा मालाचे पैसे येणं असलेले देणेकरी.

‘दोष निघाले, रिटेन्शन जप्त’ असं पत्र आलं म्हणून घाबरू नका. मौला बक्ष विरुद्ध भारत सरकार हा सर्वोच्च न्यायालयाचा १९६९ चा निकाल वाचा. सैन्याला बटाटे, कोंबड्या, अंडी, मासे पुरवण्याच्या कंत्राटातल्या अनामतीचा तो वाद. पुरवठा झाला नाही म्हणून सरकारने अनामत जप्त केली; पण नुकसान सिद्ध करता येण्यासारखं असूनही ते केलं नाही, म्हणून ती जप्ती टिकली नाही. भारतीय करार कायद्याचं कलम ७४ त्याच्या मुळाशी आहे. म्हणून डेबिट नोट (तुमच्या नावावर खर्च टाकल्याचा कागद) आली की दुरुस्तीची बिलं, फोटो आणि आपल्याला आधी दिलेली नोटीस मागा.

मुदतीचं भान मात्र तुम्हालाच ठेवायचंय. लिमिटेशन अ‍ॅक्ट, १९६३ नुसार अशा येणे रकमेच्या दाव्यासाठी साधारणपणे रक्कम देय झाल्यापासून ३ वर्षं मिळतात. ‘बघू, करतो’ असं फोनवर किंवा साइटवर तोंडी ऐकून ती मुदत वाढत नाही. मुदत संपण्याआधी समोरच्याने सही करून लेखी देणं कबूल केलं, तर कलम १८ खाली ती नव्याने मोजली जाते. म्हणून दरवर्षी मार्चनंतर बॅलन्स कन्फर्मेशनच्या (किती रक्कम येणं बाकी आहे हे मान्य करून घेण्याच्या) पत्रात रिटेन्शनची ओळ वेगळी लिहून त्यावर सही-शिक्का घ्या.

रोजच्या कामासाठी प्रत्येक प्रोजेक्टची एक शीट ठेवा: बिल क्रमांक, कापलेली रक्कम, ती कोणत्या कागदावर सुटणार, तो कागद कोणाकडे अडलाय, डीएलपी कधी संपते. संपायच्या महिनाभर आधी संयुक्त पाहणीचं पत्र ईमेलने पाठवा, पाहणीत निघालेली स्नॅग लिस्ट, म्हणजे उरलेल्या दोषांची यादी, त्याच दिवशी दोन्ही बाजूंच्या सहीने बंद करा, आणि काम उरकल्यावर प्रत्येक मुद्द्यासमोर मालकाच्या इंजिनिअरची तारखेसह सही घ्या. रिटेन्शनचं बिल त्याच कागदासोबत जोडून जातं.