ज्या चित्रात काहीच घडत नाही ते बघायचं कसं

डेन्मार्कची १९व्या शतकातली निसर्गचित्रं बघून बहुतेकांचं पहिलं मत एकच असतं, छान आहे पण यात आहे काय? ना डोंगर ना वादळ. (देशच सपाट, सगळ्यात उंच जागा जेमतेम १७० मीटर, चित्रकार बिचारा डोंगर आणणार कुठून!) तर पटापट स्क्रोल करू नका, एकच चित्र घ्या आणि त्यालाच चिकटून बसा. सुरुवातीला ख्रिस्टेन कोबकेचं १८३८चं सॉर्टेडाम तलावाचं चित्र बेस्ट, कोपनहेगनच्या एसएमके म्युझियमच्या (डेन्मार्कचं राष्ट्रीय कलासंग्रहालय) साइटवर फुकट आणि मोठ्या साइझमध्ये मिळतं.

माणसं नंतर, आधी आकाश. उजेड कुठला आहे, सकाळचा की संध्याकाळचा, हे आधी ठरवा आणि मगच खाली पाण्याकडे या, तोच गुलाबीसर रंग तिथे किती फिका पडलाय ते बघा. मग झूम करा. धक्क्यावर दोन बायका पाठमोऱ्या उभ्या आहेत, पाण्यात एक बोट आहे, आणि बोट येतीये की चाललीये हे कोबके सांगतच नाही, मला तर हीच त्याची खरी गंमत वाटते. शेजारी खांबावर लाल डॅनिश झेंडा. आता हा झेंडा साधा नाही हां, १८३४पासून खाजगी जागेत झेंडा लावायला राजाची बंदी होती, म्हणजे एवढ्या शांत चित्रातही थोडा खोडसाळपणा आहेच.

मागचा इतिहास माहीत असला की ही शांतता वेगळीच दिसते. १८०७मध्ये इंग्रजांनी कोपनहेगनवर तोफा डागल्या, १८१३मध्ये सरकारचं दिवाळं निघालं, १८१४मध्ये नॉर्वे हातचा गेला, आणि त्यानंतरची ही पिढी घराजवळचे तलाव न् शेतं रंगवत बसली. त्यांचे गुरू एकर्सबर्ग, पर्स्पेक्टिव्हच्या (लांबचं लहान दाखवून खोली आणायच्या) बाबतीत भलते काटेकोर, त्यामुळे धक्क्याच्या, कुंपणाच्या रेषा कुठे जाऊन मिळतात तेही एकदा बोटाने फिरवून बघा.

आणि हो, स्क्रीनवर साइझ फसवते. कोबकेचं चित्र जेमतेम ७० सेंटीमीटर रुंद, पण त्याच काळातल्या लुंडब्यू या चित्रकाराचं १८४३चं डॅनिश किनाऱ्याचं चित्र अडीच मीटरच्या वर जातं, त्यामुळे माप आधी वाचायचं. पुढचं म्हणून लुंडब्यूचं तेच घ्या, किंवा झाडं आवडत असतील तर स्कोवगार्ड या चित्रकाराचं १८५७चं बीच नावाच्या झाडांच्या जंगलाचं.