आई-बाबांचा विसराळूपणा वयाचा की आजाराचा, हे घरी कसं ओळखावं

सत्तरीच्या माणसाने चष्म्यासाठी दोनदा घर पालथं घातलं की घरात दोनपैकी एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘वयच झालं आता’ नाहीतर ‘अल्झायमर तर नसेल?’ पहिल्यामुळे बरं होण्यासारखं दुखणं अंगावर काढलं जातं, दुसऱ्यामुळे धडधाकट माणूस धास्तावतो. त्यापेक्षा महिनाभर नीट लक्ष ठेवावं. ते असं.

१. वयाने काय बदलतं ते आधी समजून घ्या

मेंदूचा वेग तिशीनंतरच हळूहळू कमी होऊ लागतो, जाणवतो मात्र उशिरा. दोन कामं एकदम करणं, नवा मोबाइल शिकणं, ओळखीच्या माणसाचं नाव चटकन आठवणं जड जातं. शब्दसंग्रह आणि व्यवहाराची जाण पुष्कळ टिकते. अमेरिकेत सिअ‍ॅटलला के. वॉर्नर शाय यांनी १९५६ साली सुरू केलेल्या अभ्यासात लोकांना दर सात वर्षांनी तपासलं गेलं. साठीच्या आधी बहुतेक क्षमतांत ठोस घसरण दिसली नाही, आणि त्यानंतरही माणसामाणसांत खूप फरक आढळला.

२. तुलना त्या माणसाची त्याच्याशीच करा

शेजारचे काका ऐंशीव्या वर्षी शेअर बाजार खेळतात, याचा इथे काही उपयोग नाही. तुमची आई पूर्वी काय सहज करायची आणि आता काय अडतंय, ते पाहा. वीस बायकांची भिशी सांभाळणारी बाई हिशेबाला जास्त वेळ लावते, पण बेरीज बरोबर येते, तर ते वय. तीच एकीकडून पैसे दोनदा मागते आणि वहीत खाडाखोड वाढत जाते, तर ते वय नव्हे. मेंढीकोटात जोडीदाराचं नाव क्षणभर न आठवणं चालतं. चाळीस वर्षं खेळलेला माणूस एकाच डावात ‘हुकूम कोणता?’ असं पुन्हा पुन्हा विचारू लागला, तर लिहून ठेवा.

३. तारखेसह नोंद करा

पैसे, औषधं, स्वयंपाक, रस्ता आणि तोच प्रश्न पुन्हा विचारणं, एवढ्यावर लक्ष पुरे. ‘हल्ली फार विसरते’ असं मोघम नको. ‘रक्तदाबाची गोळी सकाळी दोनदा घेतली’, ‘रोजच्या देवळातून परतताना वाट चुकले’ असं लिहा. ‘सांग बघू मी कोण?’ असल्या परीक्षा मात्र घेऊ नका. त्यातून कळत काही नाही, अपमान तेवढा होतो.

४. कान, मन आणि गोळ्या तपासा

माझ्या मते घरोघरी हीच पायरी वगळली जाते. जे नीट ऐकूच आलं नाही ते लक्षात राहणार कसं? म्हणून आधी कानाची तपासणी. मग मन: जोडीदार गेल्यावर किंवा निवृत्तीनंतर येणारं नैराश्य म्हाताऱ्या माणसात कित्येकदा विसरण्याच्या रूपानेच दिसतं.

आता औषधांचा डबा उघडा. झोपेच्या गोळ्या, गुंगी आणणारी सर्दी-अ‍ॅलर्जीची औषधं, लघवी आवरत नाही म्हणून दिलेल्या काही गोळ्या यांनी वृद्धांची स्मरणशक्ती मंदावू शकते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. शाकाहारी घरात तर ते तपासायलाच हवं. थायरॉइड मंद असलं तरी माणूस सुस्त आणि विसराळू होतो. यातलं बरंचसं सुधारता येतं. पण कोणतीही गोळी परस्पर बंद करू नका.

५. अचानक झालं तर थांबू नका

काल व्यवस्थित असलेली आजी आज असंबद्ध बोलतेय किंवा दिवसभर गुंगीत आहे, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, सोडियम घटणं, अर्धांगवायूचा झटका, काहीही असू शकतं. डोक्याला मार लागला असेल तर काही आठवड्यांनंतरही मेंदूभोवती रक्त साचून असा गोंधळ होतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हा धोका जास्त.

६. डॉक्टरांकडे जाताना

नोंदवही, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि रोजच्या सहवासातलं एक माणूस, एवढं न्या. बी-१२, थायरॉइड, साखर, सोडियम या तपासण्यांबद्दल विचारा. स्मरणशक्तीची चाचणी बहुधा ३० गुणांची असते: घड्याळ काढणं, शब्द लक्षात ठेवणं वगैरे. चौथीपर्यंत शिकलेल्या आजीला त्यात कमी गुण पडणं साहजिक आहे, म्हणून शिक्षण किती ते आधीच सांगा.

निदान ‘सौम्य बोधात्मक घट’ (इंग्रजीत एमसीआय: स्मरणशक्ती वयाच्या मानाने जास्त घटलेली, पण रोजचे व्यवहार जमतात) असं आलं, तर त्याचा अर्थ डिमेन्शिया, म्हणजे रोजचं जगणं अडवणारा स्मृतिभ्रंश, नव्हे. अशांपैकी काहींची घट वाढते, काही तिथेच राहतात, काही सुधारतातही; सहा महिने ते वर्षाने पुन्हा चाचणी करायची असते. तोवर रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवा, गरज असेल तर श्रवणयंत्र घ्या, रोज चालायला न्या. बँकेचे व्यवहार आणि वारसनोंद यांबद्दल त्यांच्याशी याच काळात बोला, कारण निर्णय अजून त्यांचा त्यांना घेता येतो.