बायोप्सीला मोठ्या लेकराबरोबर जाताना: तयारीची यादी

आधार कार्ड, विम्याचं कार्ड, चालू गोळ्यांची चिठ्ठी, सैल चप्पल. एवढं कुणी सांगायला नको. त्यापुढचं लिहिते. घरातला मुलगा किंवा मुलगी पंचविशी-तिशीत आहे, तळपायावर किंवा नखाखाली काळा डाग वाढलाय आणि त्वचारोगतज्ज्ञ म्हणालेत की हा मेलानोमा (त्वचेचा एक कॅन्सर) तर नाही ना, ते बघायला काढून तपासायला पाठवू, म्हणजे बायोप्सी करू, अशा आईवडिलांसाठी ही यादी आहे.

सगळ्यात आधी फोटो. डागाशेजारी मोजपट्टी धरून एक जवळून आणि अख्खा तळपाय दिसेल असा एक लांबून, दोन्ही दिवसाउजेडी. डाग काढल्यावर पुढच्या डॉक्टरांना फक्त टाके दिसतात. डाग मूळचा केवढा होता, कडा कशा होत्या, किती रंग होते, हे त्यांना फोटोतूनच कळतं. लेकराच्या मोबाइलमध्ये जुने फोटो असतील तर तेही शोधा, सहलीतले अनवाणी पायांचे सुद्धा चालतात. डाग कधीपासून आहे आणि किती बदलला, हे डॉक्टर विचारतातच.

तोवर डागाला काहीही लावू नका. कॉर्न कॅप (भोवरीवर लावायची औषधी पट्टी) नाही, लेझर नाही, कुणाच्या ओळखीतल्या माणसाकडून जाळून घेणं तर अजिबात नाही. आपल्याकडे मेलानोमा बऱ्याचदा तळपाय, तळहात आणि नखाखाली निघतो, आणि तिथे तो भोवरी, मुका मार किंवा बुरशी समजून महिनोन्‌महिने अंगावर काढला जातो. जळालेल्या कातडीत पॅथॉलॉजिस्टला (तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या डॉक्टरला) मेलानोमाची जाडी नीट मोजता येत नाही, आणि पुढचे बरेच निर्णय जाडीवर ठरतात. ‘सुरी लागली की पसरतो’ असं कुणी नातेवाईक छातीठोकपणे सांगेल. बायोप्सीने मेलानोमा पसरत नाही. त्या सल्ल्यापायी तारीख पुढे ढकलू नका.

आता लेकराविषयी. ‘आत तुझ्याबरोबर येऊ का’, हे त्याला विचारा. ‘नको’ म्हणालं तर बाहेर बसा. आत गेलात तर तुम्ही लिहून घ्यायचं, बोलायचं त्याने. लॅबच्या फॉर्मवर मोबाइल नंबर त्याचाच घाला, कारण रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो आणि तो आधी आईने वाचून मग चेहरा सावरत सांगणं मोठ्या मुलाला फार लागतं. आत्याला, मामाला काय आणि कधी कळवायचं तेही तोच ठरवेल. पुण्याहून नोकरीतून सुट्टी काढून दोन दिवसांसाठी आलेल्या मुलीला घरी पाहुण्यांची रांग नको असते.

डाग काढतानाचं. पूर्ण डाग काढणार की तुकडा, हे विचारा. लहान असेल तर शक्यतो पूर्ण काढतात, मोठा किंवा अवघड जागी असेल तर तुकडा घेतात, दोन्ही ठीक. वरवर खरवडून काढणार असतील तर मात्र थांबवून कारण विचारा. बऱ्याच ठिकाणी बाटली आपल्याच हातात देऊन लॅबला पोचवायला सांगतात. निघण्याआधी बाटलीवर नाव, वय आणि ‘डावा तळपाय’ की ‘उजवा’ हे लिहिलंय का बघा, आत फॉर्मॅलिनच (तुकडा टिकवणारं द्रावण) आहे ना ते विचारा. घरी नेऊन फ्रीजमध्ये ठेवायची नाही. नाशिकच्या कॅनडा कॉर्नरहून निघालात तर वाटेत कुठेही न थांबता लॅब.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. स्लाइड आणि ब्लॉक. रिपोर्टचा कागद म्हणजे तपासणी नव्हे. काढलेला तुकडा लॅबमध्ये मेणात बसवतात, तो ब्लॉक. त्याचे पातळ काप काचेवर घेऊन रंगवतात, त्या स्लाइड. दुसरं मत घ्यायला मुंबईला टाटा मेमोरियलला गेलात तर तिथले पॅथॉलॉजिस्ट स्लाइड स्वतः बघतात आणि लागलं तर ब्लॉकमधून नवे काप घेऊन आणखी चाचण्या करतात. आम्ही रिपोर्ट लॅमिनेट करून नेला होता आणि स्लाइड, ब्लॉक दोन्ही नाशिकला लॅबच्या कपाटात होते. पाय दुखणाऱ्या मुलीला घेऊन तसंच परत यावं लागलं.

म्हणून, बाटली देतानाच लॅबला विचारा: स्लाइड आणि ब्लॉक कधी मिळतील, कुणाच्या सहीने, ओळखपत्र कुणाचं लागेल. सज्ञान मुलाचं असेल तर अर्जावर सही त्याचीच घेऊन ठेवा. रविवारी लॅब उघडी असेल असं धरून चालू नका. हातात आल्यावर स्लाइडवरचा, ब्लॉकवरचा आणि रिपोर्टवरचा नंबर एकच आहे का, तिथेच उभं राहून ताडून बघा. स्लाइड काचेच्या असतात, लॅबकडूनच प्लास्टिकचा डबा मागा. ब्लॉक मेणाचा, उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवू नका. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाणार असाल तर आदल्या संध्याकाळी पिशवी उघडून बघा: स्लाइड आहेत, ब्लॉक आहे. फाइल नंतर बघा. ‘ते लोक तिथून मागवून घेतील’ असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका, स्वतः घेऊन जा.

रिपोर्ट यायला काही दिवस लागतात, आणि विशेष रंगाच्या म्हणजे आयएचसी चाचण्या सांगितल्या तर आणखी. उशीर म्हणजे वाईट बातमी असं समजू नका. या दिवसांत लेकराला ‘काही नसेल गं’ असं सारखं म्हणू नका, त्याने त्याला भीती बोलून दाखवायची सोयच राहत नाही. गंगापूर रोडला फिरायला न्या, गप्प चाला.

रिपोर्ट आला की बघायचं ते असं: मेलानोमा असेल तर ब्रेस्लो जाडी (तो कातडीत किती खोल गेलाय) किती मिलिमीटर, वर व्रण (कातडी फुटून झालेली जखम, अल्सरेशन) आहे का, काढलेल्या तुकड्याच्या कडा मोकळ्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या, आहेत का. जाडी साधारण ०.८ मिलिमीटर किंवा जास्त असेल, किंवा व्रण असेल, तर जांघेतल्या पहिल्या गाठीची (सेंटिनल नोड, म्हणजे मेलानोमा पसरला तर सहसा आधी पोचतो ती लसिका गाठ) तपासणी करायची का, हे विचारा. १ मिलिमीटरपर्यंतच्या मेलानोमाला सहसा १ सेंटिमीटर कडेसह पुन्हा काढतात, २ च्या वर २ सेंटिमीटर. बेसल सेल (त्वचेचाच दुसरा एक कॅन्सर) निघाला तर तो क्वचितच पसरतो, पण अर्धवट सोडायचा नाही. साधा तीळ निघाला तरी रिपोर्ट जपून ठेवा.

पैसे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, रेशन कार्ड आणि आधार जवळ ठेवा. खासगी विमा असेल तर शस्त्रक्रियेआधी मंजुरी. बिलं मूळ प्रतीत.

शस्त्रक्रियेनंतर तळपायावर कातडी लावली तर काही आठवडे पायावर भार नाही, म्हणजे कुबड्या आधीच आणा, वरच्या मजल्यावर राहत असाल तर खाली सोय बघा. स्कूटर बंद. सुट्टीचा अर्ज त्याने करायचा. पुढच्या तपासण्यांच्या तारखा त्याच्या मोबाइलमध्ये घाला, तुमच्या नाही. महिन्यातून एकदा पूर्ण अंग, नखं आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या, पाठ दुसऱ्या कुणाकडून. नवीन डॉक्टर, नवीन शहर असेल तर पुन्हा तेच: स्लाइड, ब्लॉक, मग कागद.