माजी सैनिकांच्या आठवणी चित्रित करताना

१९७१ च्या युद्धात विशीत असलेले जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. म्हणून सातारा जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरीसारख्या, पिढ्यान्‌पिढ्या सैनिक देणाऱ्या गावात चित्रीकरण पुढे ढकलू नये. पहिल्या भेटीत कॅमेरा नेऊच नये. जुने फोटो, पदके, घरी आलेली पत्रे समोर ठेवून आजोबांना बोलू द्यावे, कारण तारखेपेक्षा वस्तू आठवण लवकर जागी करते. मुलाखतीच्या वेळी पंखा बंद करून कॉलर माइक लावावा, लढाईइतकेच रेशन, थंडी आणि घरी वाट पाहणाऱ्या आजींबद्दलही विचारावे, आणि ते मध्येच गप्प झाले तर लगेच पुढचा प्रश्न विचारू नये. मनातले बोलणे बहुधा त्या शांततेनंतरच येते. लेखी संमती घ्यावी. मूळ फुटेजच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.